चौदा नंबर जेवले का?

मी बटणांचा एक साधा मोबाइल बोलतोय. इतकी वर्षं माझ्यातून दुसरेच बोलले. मी फक्त आवाज इकडचा तिकडे नेला. आज थोडं माझंही ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. तुमसरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात वर्षभर पडून होतो. मग भंडारा जिल्ह्यातल्याच एका मुलींच्या वसतिगृहासाठी मला विकत घेतलं. वॉर्डनबाईंच्या टेबलावर मी राहत असे. संध्याकाळी मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि पलीकडून प्रत्येकीची आई एकच विचारायची, "जेवली का माय?" पोरगी रडून राहिली असली तरी "हो" म्हणायची. माणसांची ही सवय मी तिथेच शिकलो. जे विचारायचं असतं ते त्यांना विचारता येत नाही, म्हणून ती जेवणाचं विचारतात.

मग कोरोना आला. मुली गावोगाव परतल्या आणि दुसऱ्या लाटेत त्या वसतिगृहात पंचवीस खाटांचं केंद्र सुरू झालं. नातेवाइकांना आत यायला बंदी होती, म्हणून वॉर्डाचा फोन मी झालो. मला पारदर्शक पिशवीत घालून वर रबर लावलं. दर तासाला औषध फवारून पुसायचे. त्यात माझं हिरवं बटण पांढरं पडलं.

दिवसा मला रत्नमाला सिस्टर सांभाळायच्या. त्या एकोडीच्या. घरची धानाची शेती, नवरा आणि सासू. पोरगा अश्वजित दहावीत. अंगावर किट चढवलं की सहा तास पाणी नाही, नैसर्गिक विधी नाही. चष्म्यावर वाफ जमायची. त्याही स्थितीत त्या प्रत्येक फोनला उत्तर द्यायच्या.

दुपारी एकला सिहोऱ्याहून गोदावरीबाईंचा फोन यायचा. त्यांचा नवरा चौदा नंबरच्या खाटेवर होता. तिथे सगळ्यांना खाटेच्या नंबरानेच ओळखायचे. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना सांगायच्या, "सातचा ऑक्सिजन कमी झाला, अकराला इंजेक्शन द्यायचं आहे." गोदावरीबाईंना तर हे सोयीचंच झालं. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. पहिल्या दिवशी "आमचे हे, आमच्या घरचे" करत राहिली, दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागली, "चौदा नंबर जेवले का जी?"

"जेवले काकू. वरणभात खाल्ला."

"लाखोरीची भाजी दिली का? त्यायले आवडते."

"इथं कुठची लाखोरी, काकू. बटाटे आहेत."

"मग बटाटे तरी खाल्ले ना?"

तिसऱ्या दिवशी अर्धा भात उरला, तेही सिस्टरने तसंच सांगितलं. खोटा दिलासा द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणूनच नातेवाईक त्यांचंच नाव सांगून फोन मागायचे.

सहाव्या दिवशी ड्यूटी संपताना चौदा नंबर म्हणाले, "सिस्टर, घरी सांगजा, बांधीतलं पानी सोडून द्या म्हणा. धान पिवळं पडलं असन." गोदावरीबाईंचा त्या दिवशीचा फोन होऊन गेला होता. निरोप राहिला. दुसऱ्या दिवशी सिस्टरची सुट्टी होती.

सुट्टीच्या त्या दिवशी दुपारी चौदा नंबरचा ऑक्सिजन एकदम उतरला आणि त्यांना जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिघांना एकदमच न्यावं लागलं. त्या गडबडीत घरी कळवायचं राहून गेलं. तासाभरात त्या खाटेवर दुसरा माणूस आला.

रत्नमाला सिस्टर परतल्या तेव्हा त्यांच्या हातात खाटांची यादी पडली. तीत नंबर होते आणि प्राणवायूचे आकडे होते. एक वाजता मी वाजलो.

"चौदा नंबर जेवले का जी?"

सिस्टरने मला कानाशी धरून चौदाकडे पाहिलं. माणूस पालथा झोपलेला होता, तोंड भिंतीकडे. छातीत हवा नीट जावी म्हणून सगळ्यांनाच तसं झोपवायचे. खाटेखाली ताट होतं, लख्ख.

"जेवले काकू. आज तर ताट पुसून ठेवलं."

पलीकडे हसू ऐकू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "काल फोनच लागला नाही, त मले कसंचंच होऊन राहिलं होतं. आजच पोराले धाडणार होती. आता कापणी आटपून उद्या पाठवतो. घाईचं काम नाही म्हनता ना?"

"नाही काकू."

चार वाजता तिकडे, मोठ्या दवाखान्यात, गोदावरीबाईंचा नवरा गेला. संध्याकाळी मी पुन्हा वाजलो. त्यांचा मुलगा होता. आवाज चढवला नाही त्याने. एवढंच विचारलं, "सिस्टर, ते कालपासून तिकडे होते म्हणतात. मग दुपारी तुम्ही कोणाचं जेवण सांगितलं?"

सिस्टरने मला टेबलावर ठेवलं, कॉल चालू असताना. मुलगा बराच वेळ "हॅलो, हॅलो" म्हणत राहिला.

त्यानंतरचे दिवस मी पाहिले तसे सांगतो. सिस्टर कामावर येत राहिल्या. सलाइन लावत, खाटा बदलत, सगळं बरोबर करत. फक्त कुणाचा फोन उचलत नव्हत्या. मी वाजलो की त्या हात धुवायला जायच्या. मी बंद असतानाही त्यांना मी वाजल्यासारखा वाटे. "फोन वाजला का?" असं त्या लीलाबाईंना विचारायच्या. लीलाबाई म्हणजे वॉर्डातल्या सफाईच्या मावशी, तोंडाने फटकळ.

"नाही वाजला, बाई. तुमचेच कान वाजून राहिले."

घरून आलेला डबा सिस्टर मावशींकडे सरकवत. "मला भूक नाही."

"तुमचा डबा खाऊन खाऊन माझं लुगडं पुरेनासं झालं," मावशी म्हणायच्या. पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी हा विनोद करणं सोडलं आणि सिस्टरकडे नुसतं पाहू लागल्या.

एका दुपारी सिस्टरने एक कागद लिहिला आणि उडू नये म्हणून माझ्याखाली ठेवला. तो राजीनामा होता. डॉक्टरांच्या टेबलापर्यंत वीस पावलं होती. चार दिवस तो माझ्याखालीच राहिला.

याच दिवसांत त्यांनी दोन नंबर लावले. एक भिंतीवरच्या कागदावर होता, आरोग्य कर्मचाऱ्यांनी मनातलं बोलावं म्हणून दिलेला. तो त्यांनी तीनदा लावला आणि पलीकडून उचलायच्या आत तीनदा कापला. दुसरा सिहोऱ्याचा. तो चारदा लावला. एक घंटी जायची आणि त्या कापायच्या. हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो. पण पलीकडच्या फोनवर खूण राहते, हे सिस्टरच्या ध्यानात नव्हतं.

चौदा नंबर गेल्याच्या दहाव्या दिवशी, दुपारी बरोबर एकला, मी वाजलो. सिस्टर नळाकडे निघाल्या. मावशींनी मला उचलून आवाज मोठा केला.

"कोण जी? या नंबरावरून चारदा घंटी आली. उचलाले जातो त बंद."

"सेंटरमधून लीलाबाई बोलतो. तुम्ही कोण?"

"सिहोऱ्याची गोदावरी. चौदा नंबर. काहून कापता म्हनलं? त्या सिस्टरले द्या."

मावशी नळापाशी गेल्या आणि मला सिस्टरपुढे धरलं. माझ्यावर सेकंद पुढे सरकत होते. एकोणीस सेकंद कुणीच बोललं नाही. नळ तेवढा चालू होता.

"काकू," सिस्टर म्हणाल्या, "माझी चूक झाली. खाटेवर दुसरे होते. पालथे झोपले होते. मी नुसतं ताट पाहून सांगितलं."

"पोरगा लय रागात आहे तुमच्यावर. जाऊन भेटला असता ना तो. मीबी रागात होती."

"हो."

"एक सांगा. त्याच्या आधी सहा दिवस जे सांगतलं, ते खरं होतं का? का तेही ताट पाहूनच?"

"खरं होतं. समोर बसून जेवत होते. तिसऱ्या दिवशी भात ठेवला, तेही सांगितलं होतं मी."

"सांगतलं होतं," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. "मी त्या दिवसापासून एकच पाहून राहिली, बाई. नाव घेतलं असतं त तुम्ही खाटेपाशी जाऊन नाव विचारलं असतं. चौदा नंबर, चौदा नंबर. चौदा नंबर का मानूस आहे? चाळीस वर्षं तोंडातून नाव काढलं नाही, ते तिथं भोवलं." मग एकेक अक्षर सुटं करत त्या म्हणाल्या, "तुलाराम. असं नाव होतं त्यायचं."

"तुलाराम काकांचा एक निरोप राहिला माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "बांधीतलं पाणी सोडा म्हणाले होते."

"सोडलं. कापणीबी झाली. आणि ते, ताट पुसून खाणारे? ते गेले का घरी?"

"हिरालाल त्यांचं नाव. काल घरी गेले."

"बरं झालं," गोदावरीबाई म्हणाल्या आणि फोन बंद केला. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मुलाचा राग गेल्याचं तर मला कधीच कळलं नाही.

सिस्टरने नळ बंद केला. टेबलापाशी येऊन माझ्याखालचा कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एक ते पंचवीस आकडे घातले. मग प्रत्येक खाटेशी जाऊन नाव विचारलं, गाव विचारलं, लिहिलं. ती यादी त्यांनी माझ्या शेजारी भिंतीला चिकटवली. पुढे कुणाचाही फोन आला तरी त्या आधी विचारायच्या, "नाव सांगा." एखादी बाई लाजली तर म्हणायच्या, "पोराला द्या, पण नाव पाहिजे."

डबा मात्र त्यांनी त्या दिवशी अर्धाच खाल्ला. उरलेला मावशींनी घेतला नाही. "घरी न्या आणि संपवा," म्हणाल्या.

भिंतीवरचा नंबर त्यांनी दोन दिवसांनी लावला आणि या वेळी कापला नाही. जे बोलणं झालं ते मी सांगणार नाही. चाळीस मिनिटं झालं एवढं सांगतो. कान वाजणं लगेच थांबलं नाही. काही महिने गोळ्या चालल्या, हे मावशींकडून कळलं.

आता मुली परत आल्या आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे स्वतःचे फोन आहेत. मी वॉर्डनबाईंच्या ड्रॉवरमध्ये असतो. बॅटरी फुगली आहे, झाकण बसत नाही. रत्नमाला सिस्टर एकोडीकडच्या उपकेंद्रात आहेत, बाळांना लसी देतात. आधी बाळाचं नाव विचारतात.

वाचणाऱ्यांनो, मला बोलायची वेळ आता फारशी उरली नाही, म्हणून एकच मागतो. दुसऱ्यांची दुखणी काढणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याची एकच घंटी येऊन कापली गेली, तर चुकून लागला असेल म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही उलट फोन लावा. तिकडे कुणी एकोणीस सेकंद बोललं नाही, तरी कापू नका.