धोका आढळला नाही

फुटपाथवरच्या गटाराचं झाकण फुटलं, तेव्हा आमच्या गल्लीने नगरपालिकेत अर्ज दिला आणि मग नको तेवढा शहाणपणा केला.

माझ्या सासऱ्यांची नजर अधू झाली आहे. रोज सकाळी ते एकटे कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात गप्पा मारायला जातात. सासूबाई गेल्यापासून तेवढाच त्यांचा विरंगुळा. पण आमच्या ह्यांनी फर्मान सोडलं, "झाकण बसेपर्यंत बाबांनी घराबाहेर पडायचं नाही." बाबा ताटावरून अर्धपोटी उठले.

हे कामावर गेले की मीच बाबांना गुपचूप बाहेर जाऊ देऊ लागले. शिवणाचं मशीन थांबवायचं, त्यांना चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घ्यायच्या आणि अनवाणी त्यांच्या मागे जायचं. ते दुकानात टेकले की घरी, आणायला पुन्हा तशीच. गिऱ्हाइकांचे ब्लाऊज रखडले. रखडोत मेले!

गल्लीही हात बांधून बसली नव्हती. सुतारकाकांनी गटारावर जुन्या कपाटाची फळी टाकून तिला हिरवा रंग दिला. शेजारणींनी भोवती कुंड्या मांडल्या. मी इशाऱ्याचं लाल कापड बांधलं, आणि हात शिवशिवले म्हणून त्याला झालर लावली. फळी अशी किडकी, की मांजर बसलं तरी कुरकुरायची.

नगरपालिकेचा निरीक्षक आला, लांबूनच बघून गेला. अर्जावर शेरा आला: 'नागरिकांनी सुशोभीकरण केले आहे. धोका आढळला नाही.'

माझं डोकंच फिरलं. नगरपालिकेत तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो, त्या दिवशी बाबांना घेऊन मी कार्यालय गाठलं आणि तिथल्या अधिकारी मॅडमसमोर तोंडाचा पट्टा सोडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पण अजून कोणी पडलेलं तर नाही ना?"

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पडलो नाही, कारण ही रोज माझ्या मागून येते," ते म्हणाले. "तिला वाटतं, म्हाताऱ्याला कळत नाही. अहो, मी उंबरठा ओलांडला की हिचं मशीन थांबतं. मी परत आलो की सुरू होतं. मॅडम, माझं राहू द्या. हिला दोन घटका बसून शिवता यावं, म्हणून तरी झाकण बसवा."

माझे डोळे भरून आले. भांडायला आलेली मी, पदराने नाक पुसत उभी राहिले. मॅडमनी मान खाली घालून आधीचा शेरा खोडला.

पाचव्या दिवशी लोखंडी झाकण बसलं. दुसऱ्या सकाळी बाबा निघाले. मी हट्टाने मशीनवर बसून राहिले, पाय चालवत राहिले. धाग्याकडे लक्ष होतं कुठे!

बाबा दारातच थांबले.

"अगं, बंद कर ते," ते म्हणाले. "चपला घाल आणि आज माझ्या शेजारून चल."