ओडेसाची चार मिनिटं

मित्रांनो, अंधारात मी टिकते, पण जगते ती उजेडात. मी एक जुनी चित्रफीत आहे. बोटाएवढी रुंद, मुकी, जेमतेम चार मिनिटांची. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात जिची गाणी आज पोरंसोरंही गुणगुणतात, त्या ओडेसा कूम्ब्जला गाताना दाखवणारी माझ्याशिवाय दुसरी फीत जगात नाही.

कोळशाच्या खाणीत संप चालू होता. शाळेतल्या लायल प्रॅटर मास्तरांनी किल्लीवर चालणारा कॅमेरा आणला आणि मला त्यात भरलं. ओडेसा ओसरीवर बँजोच्या तारा छेडत गात बसली होती. अंगणात संपाच्या सभेला जमलेले खाणकामगार उभे होते. कंपनीच्या माणसांपुढे मान खाली घालणारे ते लोक तिचं गाणं ऐकताना मान वर करून उभे राहिले, आणि माझ्यावर त्यांचे चेहरे लख्ख उमटले.

संकट त्यातूनच आलं. संपाच्या सभेत दिसलेल्या माणसाचं काम जाई. राहतं घरही कंपनीचंच, त्यामुळे बिऱ्हाड रस्त्यावर येई. मास्तरांनी मला शहरातून धुऊन आणलं आणि ओडेसाच्या हवाली केलं. पण कुणीतरी ही बातमी फोडलीच.

एका सकाळी कंपनीचा पहारेकरी हर्शेल टॅकेट जोडीदाराला घेऊन आला. कमरेला पिस्तूल. गाडीचा आवाज ऐकताच ओडेसानं माझा डबा चरबीच्या बादलीत खुपसला आणि वरून चरबी सारखी केली. दोघांनी गाद्या उलथल्या, फळ्या उचकटल्या. मग हर्शेल टेबलाशी बसला.

"ओडेसा, कुठं ठेवलंयस ते सिनेमाचं?"

"सिनेमा? इथं दिव्यात घालायला तेल नाही, हर्शेल."

"मास्तर म्हणतो, तुझ्याकडं दिलंय."

"मास्तर असं बोलणार नाही. तुझ्या थापा तुझ्या आईला सांग. तिला त्या खऱ्या वाटतात."

जोडीदार हसला. हर्शेल हसला नाही. "भूक लागलीय. मक्याची भाकरी टाक," म्हणाला.

तवा तापला. ओडेसानं त्याच्या डोळ्यांदेखत बादलीतून चमचाभर चरबी घेतली. मग दुसऱ्या भाकरीला आणखी. माझ्यावरचा थर पातळ होत होता.

"हात का आखडतेस? घाल की सढळ हातानं."

ती पुन्हा वाकली. चमचा माझ्या डब्याला लागला. टण्ण आवाज झाला.

"काय वाजलं?"

"बादलीचा तळ," ओडेसा म्हणाली. "तुमच्या कंपनीच्या पगारात तो लवकर लागतो."

हर्शेल तिच्याकडे बघत राहिला. तव्यावरची भाकरी करपू लागली तेव्हा त्यानं नजर काढली. तो खाऊन, तोंड पुसून निघून गेला. गाडीचा आवाज विरल्यावरच ओडेसानं मला चरबीतून बाहेर काढलं.

त्या कामगारांपैकी एकालाही माझ्यामुळे घर सोडावं लागलं नाही. मला पुसून, कापडात गुंडाळून ओडेसानं तिची बहीण झेला हिच्या बटाटे साठवायच्या तळघरात ठेवलं. मग ती या खाणीवरून त्या खाणीवर गात फिरली आणि छातीच्या दुखण्यानं तरुणपणीच गेली. तिची गाणी शहरांत पोचली. नामांकित गायक ती गाऊ लागले. तिला गाताना पाहायला लोक तळमळत होते. आणि मी बटाट्यांशेजारी आंबत होते.

झेला वारल्यावर तळघर आवरताना ओडेसाच्या मुलीला, वर्डीला, मी सापडले. तिचे केस तोवर पांढरे झाले होते. तिनं मला जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या नोरीनकडे नेलं. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास सुटला. माझा तो वास म्हणजे माणसाचा ताप समजा.

"शेवटचा भाग चिकटून दगड झालाय," नोरीन म्हणाली. "सोडवायला गेले तर सगळीच फाटू शकते. तेवढा कापला, तर बाकीची नक्की वाचेल."

"गाणं आहे का त्यात?"

"गाणं बहुधा आधीच संपतं."

वर्डी कोरडं हसली. "गाण्यापुढं तिला काही दिसायचंच नाही. मी मावशीकडं वाढले. आई यायची ती पाहुण्यासारखी."

नोरीननं कात्री घेतली. त्या भागात काय आहे ते मला ठाऊक होतं. पण मी तर मुकी.

"थांब गं," वर्डी म्हणाली. "गात नसली तरी आई आहे ना त्यात? कापू नकोस. फाटली तर फाटली."

नोरीननं मला दमट पेटीत ठेवलं, मऊ केलं आणि हाडाच्या पातळ पात्यानं एकेक वेटोळं उकलायला घेतलं. एका जागी मी फाटलेच. तिनं श्वास रोखून तुकडे जुळवले आणि घाईघाईनं माझी नक्कल उतरवून घेतली.

ती नक्कल गावच्या वाचनालयात दाखवली. लोक पडद्याकडे बोट दाखवून "हे आमचे आजोबा" असं म्हणू लागले. मग शेवटचा भाग आला. ओसरीवर एक रांगतं मूल कडेकडे निघालं होतं. ओडेसाचे ओठ गाण्याच्या मध्येच थांबले. तिनं बँजो फळ्यांवर टाकला, झेप घेऊन लेकीचा फ्रॉक धरला, तिला उचललं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्या केसांत तोंड खुपसून उभी राहिली. तिथे मी संपते.

वर्डी नोरीनकडे वळली. हळूच म्हणाली, "परत लाव, पोरी."

"पहिल्यापासून?"

"नको. ती गाणं सोडते तिथून."

मित्रांनो, आता मी थंड, कोरड्या खोलीत विश्रांती घेते. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी माळ्यावर तापत असेल, तळघरात आंबत असेल. त्याला वेळेवर बाहेर काढा. आणि त्यातला एखादा तुकडा निकामी वाटला, तरी कात्री लावण्याआधी घरातल्या माणसांना एकदा दाखवा.