उजेडाकडे धरलेली नळी

सुमनकाकूच्या हातांना पूर्वी ओल्या लाल मिरचीचा वास यायचा. थंडीच्या दिवसांत ती मिरचीची देठं खुडत बसायची, आणि अशा हातांनी तिने मायेने गाल कुरवाळला की डोळ्यांत टचकन पाणी उभं राहायचं. हे पाणी मायेचं की मिरचीचं, असं विचारून मी तिला छळत असे. आता त्या हातांना क्लोरीनचा वास येतो. पहाटेच्या कोवळ्या उजेडात ती पाण्याच्या काठावर उकिडवी बसते, काचेची बारीक नळी पाण्याने भरते, तिच्यात औषधाचे थेंब सोडते आणि नळी पूर्वेकडे धरून डोळे किलकिले करते. पाण्यात लिंबाच्या सालीचा फिका पिवळा रंग उतरला, म्हणजे क्लोरीन पुरेसा आहे, की तिच्या कपाळावरची आठी सुटते. मग ती पदराला हात पुसते आणि काकांना हाक मारते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. कळसाडीच्या शिवारात ज्यांचं सगळं आयुष्य ऊस आणि कापसाच्या बांधांवरून चालण्यात गेलं, त्या माणसाचं डावं अंग एका हिवाळ्यात लुळं पडलं आणि सबंध शिवार खाटेवरून दिसणाऱ्या खिडकीएवढं झालं. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, जमिनीवर तोल जाईल, यांना पाण्यात चालवा, पाणी माणसाला पेलून धरतं. पण ते पाणी स्वच्छ हवं, नाहीतर एक दुखणं जाऊन दुसरं येईल. त्यांच्या मुलाने मळ्यातल्या घरामागे छातीइतका खोल, फरशीचा पोहण्याचा तलाव बांधून दिला आणि कडेने धरायला लोखंडी पाइप लावला. गावाने लगेच त्याचं ‘काकूचा समुद्र’ असं बारसं केलं. त्या समुद्रात काका पाइप धरून पाऊल टाकायचे, आणि काकू काठावरून त्यांच्या बरोबरीने चालायची. तिचा श्वाससुद्धा त्यांच्या पावलांनी चालत असे.

पाणी भरून ठेवलं म्हणजे झालं, असं तिला आधी वाटलं होतं. आठवड्यात तळाला हिरवा बुळबुळीत थर धरला तेव्हा तिने कंबर कसली. भाजी निवडावी तसा तिने क्लोरीन निवडला. गावच्या विहिरीत टाकतात ती पांढरी भुकटी आधी आणली, पण आमच्या बोअरचं पाणी मुळातच जड, त्यात त्या भुकटीचा चुना उतरून पाणी ताकासारखं गढुळलं. कॅनमधलं पातळ औषध आणलं, तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा जोर डब्यातच सरून जाई. शेवटी दाणेदार औषध तिच्या मनास आलं. ते आधी बादलीभर पाण्यात विरघळवायचं, औषधावर पाणी कधी ओतायचं नाही, आणि तलावात सोडायचं ते ऊन उतरल्यावर, कारण दिवसा टाकलेलं ऊनच खाऊन टाकतं. हे सारं तिने दुकानदाराला विचारून विचारून, त्याला पुरतं भंडावून शिकून घेतलं. डब्याला तिने युरियाच्या गोण्यांपासून लांब, वेगळं फडताळ दिलं. संध्याकाळी पंपाची संथ घरघर सुरू होई आणि त्या आवाजात ती बादली काठाकाठाने रिती करत फिरे. देवघरात ती इतक्या गांभीर्याने फिरताना मी तिला पाहिलेलं नाही.

तरीही पाणी दगा देत होतं. दर बुधवारी सकाळी नळीतला पिवळा रंग उमटतच नसे, पाणी निस्तेज दिसे आणि डोळ्यांना झोंबणारा वास काठावर रेंगाळे. ती औषध वाढवी. वास आणखी उग्र होई. काकांचे डोळे लाल झाले, पाठीवर पुरळ उठलं, आणि डॉक्टरांनी पाणी नितळ होईपर्यंत उतरायला मनाई केली. खाटेवर पाय पुन्हा ताठरू लागला. नुकतीच कुठे टाच टेकू लागली होती, ती पुन्हा उचललेलीच राहू लागली, आणि ती टाच पाहताना काकूचा चेहरा मला बघवत नसे.

गोष्ट अशी होती की आमच्याकडे पाण्यात आसरा असतात. सात बहिणी, पाण्याच्या धनिणी. नवी विहीर लागली की आधी त्यांचा मान. आपला माणूस रोज ज्यांच्या घरात उतरतो त्यांना उपाशी कसं ठेवायचं, म्हणून काकू दर मंगळवारी संध्याकाळी तलावात हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि दहीभात सोडायची. त्याच वेळी मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने, तिच्या अहिराणीत सांगायची, "मन्हा मानूस तुमना पानीमा उतरी ऱ्हायना, त्यानावर ध्यान ठेवा." फुलं ती सकाळी काढून घेई, हळद तर क्लोरीन रातोरात गिळून टाकी, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात येत नसे. तिच्याही नाही.

एका बुधवारी पंपाची जाळी साफ करताना फुगलेली भाताची शितं तिच्या तळहातावर आली. मी तिच्या शेजारीच होते. ती शितं निरखून ती हळूच म्हणाली की औषध सगळं ह्या भातापाठीच खर्ची पडतंय, पाण्यासाठी काही उरतच नाही. तिला कळलं, पण कळून सुटका नव्हती. नैवेद्य बंद करावा तर आसरा रुसतील आणि माणूसच ओढून नेतील ही भीती. चालू ठेवावा तर पाणी नासणार आणि पाय जाणार. तिने ती शितं टाकलीही नाहीत, मूठ मिटून बसून राहिली.

दारातल्या खाटेवरून काका हे सारं बघत होते. त्यांची जीभ अजून जड होती, शब्द ओढत आणावे लागत.

"आसरा पानीमा ऱ्हातस," ते म्हणाले, "पन जेवाले काठवर येतस."

काकूने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या मुठीतली बोटं एकेक करून उलगडली. दुपारीच तिने नदीतून सात गोटे आणवले, तलावापासून हातभर दूर, निंबाखाली मांडले, त्यांना हळद-कुंकू लावलं. पुढच्या मंगळवारचा दहीभात तिथे, केळीच्या पानावर वाढला. बुधवारी पहाटे तिने नळी उजेडाकडे धरली. पिवळा रंग उमटला, फिका पण ठाम. पुरळ जाताच डॉक्टरांनी होकार दिला, आणि काका पुन्हा पाण्यात उतरले.

परवा कापूस वेचणीच्या दिवसांत मी गेले, तर तलावात कुणीच नव्हतं. कलत्या उन्हात पाणी तळाच्या फरशीपर्यंत नितळ दिसत होतं, आणि पाइपचा एक भाग धरून धरून गुळगुळीत झाला होता. काकूने हनुवटीनेच शेताकडे खूण केली. दूर, फुटलेल्या कापसाच्या पांढऱ्या ओळींमधून, हातात काठी घेतलेली एक वाकडी सावली सावकाश पुढे सरकत होती. ती बघता बघता काकू बादलीत औषध ढवळत होती. आता हे कशाला, असं मी विचारलं.

"तुन्हा काका थकीसन येतीन," ती म्हणाली, "पानी तयार पाहिजे."

मग ती नेहमीसारखी काठाकाठाने फिरली. माणूस नसला की त्याची जागा रिकामी दिसते आणि आठवण तिथे येऊन बसते, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. त्या संध्याकाळी काका पाण्यात नव्हते, शेतात होते, आणि ज्या नसण्यासाठी काकूने इतके दिवस पाणी राखलं होतं, ते नसणं त्या रिकाम्या तलावात काठोकाठ भरलेलं होतं.