लाल फरशीवरची फेरी

रांधा गावाच्या बाजूला ‘हरितवाट’ नावाची वसाहत उभी राहिली आहे. आखीव रस्ते, तीन बागा आणि बागांमधून फिरणारा लाल फरशीचा वॉकिंग ट्रॅक. त्या बागांतलं झाडन् झाड कमळाबाईंच्या हातचं. तीन वर्षं त्यांनी ठेकेदाराकडे खड्डे खणले, रोपं लावली, पाण्याचे पाईप ओढले. आणि तीन वर्षांत त्या ट्रॅकवर एकदाही पाऊल ठेवलं नाही. नियमच होता तसा. कामगारांनी कडेच्या मातीतून जायचं. डोक्यावर भरली पाटी घेऊन चिखलातून वळसा घालायचा, आणि फरशीवरून चालणार कोण, तर रिकाम्या हातांनी पोट कमी करायला निघालेली माणसं. हा नियम करणाऱ्याने जन्मात कधी पाटी उचलली नसावी.

त्या रविवारी कमळाबाई पुढच्या फाटकातून आल्या. घर घ्यायला. सोबत लेक सोनम होती, दवाखान्यात नर्स. मायलेकींच्या नावाने कर्ज मंजूर झाल्याचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. नवरा सुकदेव मात्र घरीच राहिला. “तिथले लोक आपल्याले दारात उभं करणार नाहीत, उगाच शोभा होईल,” म्हणाला. चोपड्याहून आलेला हा माणूस बावीस वर्षं जवळच्या नरोलीत धाग्याच्या कारखान्यात राबला आणि बावीस वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत राहिला. त्याला त्या खोलीची सवय झाली होती. कमळाबाईंना झाली नव्हती.

विक्रीच्या ऑफिसात शिरताच सवयीने त्यांचा हात दाराजवळच्या कुंडीत गेला. माती चाचपली, एक पिवळं पान खुडलं. टेबलामागच्या गुजराती सेल्समनने, कल्पेशने, ते पाहिलं.

“मासी, कुंड्यांचं नंतर करजो. आता पार्टी येणार आहे ने.”

“आली आहे पार्टी,” सोनम म्हणाली आणि पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

कल्पेश ओशाळला, पण पोटापाण्याचा धंदा, लगेच सावरला. चहा सांगितला, नकाशा पसरला आणि तळ्याकाठच्या एक्केचाळीस नंबरच्या घरावर बोट ठेवलं. “पार्क-फेसिंग छे मासी. दार उघडलं की ट्रॅक. लास्ट पीस.”

“ते नको. सतरा द्या.”

घोडं पेंड खायला लागलं ते इथं. सतरा नंबर कोपऱ्यावरचा, मधल्या बागेला लागून. कल्पेशने पेन खाली ठेवलं. “सतरा मोकळं आहे, पण त्या लाइनमधे डॉक्टर, प्रोफेसर लोक छे. तुम्हाला तिथं करमणार नाही, मासी. तुमच्याच भल्याचं सांगतो.”

कमळाबाईंची कानशिलं तापली. आपल्या भल्याचं सांगणारी माणसं त्यांनी जन्मभर ऐकली होती, आणि त्यातल्या एकानेही कधी पाटीला हात लावला नव्हता.

“भाऊ, एक्केचाळीसच्या दारात मी तीनदा बहावा लावला. तीनदा कुजला. भर वैशाखात खड्ड्यातून पाणी उपसलं आम्ही. तिथं ओढा होता, तुम्ही वरून भराव टाकला. तुमच्या कागदावर तो नाही, पण माझ्या पायाले ठाऊक आहे. सतराच्या दारात मुरूम लागला, पहार मारली तर ठिणगी उडे. घर तिथं टिकेल.”

शेजारच्या टेबलावर एक जोडपं नकाशा पाहत बसलं होतं. त्यातल्या बाईने मान वर केली. “अहो, आपण बेचाळीस बघतोय ना?”

“मासी, जरा हळू,” कल्पेश कुजबुजला.

“खड्डे खणताना कोणी हळू म्हणलं नाही.”

“मी साहेबांना विचारून सांगतो.”

“काय विचारणार? सतरा विकलं का?”

“नाही.”

“मग लिहा.”

त्याने लिहिलं. नाव, पत्ता झाला. व्यवसायाच्या रकान्याशी तो थांबला. “हाउसवाइफ टाकू?”

“माळीण टाका,” कमळाबाई म्हणाल्या. “आणि अक्षर मोठं काढा.”

सह्या झाल्या. सोनम पावतीसाठी थांबली आणि कमळाबाई एकट्याच बाहेर आल्या. समोर लाल फरशी होती. पाय सवयीने कडेच्या मातीकडे वळले. त्यांनी ते मागे घेतले आणि फरशीवर ठेवले. चपलेसकट.

तत्काळ शिट्टी वाजली. वॉचमन भिका त्यांच्याच गावचा, धावत आला. “कमळावयनी, उतर खाली! सायब पाहतील!”

“वाजव रे भिका. तुही नोकरी आहे ती.” त्या चालतच राहिल्या.

भिकाने पुन्हा वाजवली. बाकावरची माणसं वळून बघू लागली. कमळाबाईंची चाल तीच. तळं मागे पडलं, करंजांची रांग मागे पडली. सतरा नंबरच्या दारापाशी त्या थोडं थांबल्या आणि पुढे निघाल्या. अख्खी फेरी पुरी करून त्या भिकासमोर येऊन उभ्या राहिल्या. शिट्टी अजून त्याच्या ओठांतच होती.

“उद्या तुह्या सुकदेवभाऊले घेऊन येते,” त्या म्हणाल्या. “मंग दोघांसाठी वाजव.”