पहिले तीन सेकंद

बहिणीची गाडी चौदा वर्षांची आणि माझं गॅरेज एकतीस वर्षांचं. सकाळी दोघांनाही लवकर जाग येत नाही. हल्ली मलाही येत नाही. अंथरुणातून उठतानाच दिवस संपल्यासारखं वाटतं.

गाडी घेऊन ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी वैतागलोच.

"दादा, सकाळी चालू केली की खडखडते. पहिले दोन-तीन सेकंद. मग गप्प."

"गप्प होते ना? मग तूही हो."

ती हसली नाही. बहीण नर्स आहे. घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या जखमा बांधते. तिचे निम्मे पेशंट डोंगरावरच्या वस्तीत राहतात. त्या चढावर हे धूड मध्येच बंद पडलं, तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा लागतो आणि डाव्या हाताला दरी असते. म्हणून विचारत होती बिचारी. एरवी ती कुरकुर करणारी बाई नाही.

पहिल्या खेपेला मी बोनेट उघडून ऐकलं होतं. काही नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिने मोबाइलवर आवाज भरून आणला. मी तो कानाशी धरला आणि म्हणालो, "मोबाइलमध्ये सगळंच खडखडतं." खरं सांगायचं तर मला त्यात नुसती घरघर ऐकू आली होती. पण आमच्या रस्त्यावर मला 'कानवाले' म्हणतात. गाडी कोपऱ्यावर वळली की आत काय झिजलंय ते मी सांगतो, अशी ख्याती. अशा माणसाने 'पुन्हा लाव गं' म्हणायचं कसं?

"तुझ्याकडे पोचेपर्यंत गाडी चाळीस मिनिटं चाललेली असते," ती म्हणाली. "गरम इंजिनावर काय डोंबल ऐकणार तू? आज गाडी इथेच ठेवते. मीही राहते. सकाळी गार असताना ऐक."

हे खरं तर मला सुचायला हवं होतं. इंजिनातली साखळी ताणून धरायला एक छोटा दट्ट्या असतो, टेन्शनर. तो तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभरात तेल खाली उतरतं. सकाळी दाब येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात ढिली साखळी आत आपटते. एखाद्या दिवशी ती दात सोडते आणि मग इंजिनाचं भंगार होतं. हे मी शंभर गिऱ्हाइकांना समजावलंय. सख्ख्या बहिणीला मात्र वेड्यात काढलं.

बहीण वर आईकडे गेली. गॅरेजच्या वरच्याच खोल्यांत आई आणि मी राहतो. आईने माझ्याशी अबोला धरलाय, त्याला पावसाळा आणि हिवाळा उलटून गेला. चूक माझीच. एकदा हातातलं काम सोडून चार वेळा जिना चढावा लागला, तेव्हा मी ओरडलो होतो, "सारखी हाक मारत जाऊ नकोस!" तेव्हापासून तिने हाक मारली नाही. मी ताट नेऊन ठेवतो, औषध देतो, तिला हवा लागावी म्हणून पलंगामागची खिडकी सताड उघडतो आणि खाली येतो. ती शाल गुंडाळून माझ्याकडे बघत राहते. म्हातारपणी माणूस हट्टी होतं, म्हणून मीही नाद सोडला होता.

सकाळी बहीण गाडीत बसली. मी बोनेट उघडलं, वाकलो आणि सवयीने तळहात इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवला.

"लाव."

तिने चावी फिरवली. झाकण माझ्या हाताखाली थाडथाड हादरलं. एक, दोन, तीन. मग शांत झालं.

हाताला सगळं कळलं. कानाला फक्त घरघर.

तिने गाडी बंद केली आणि उतरली. "ऐकलंस ना आता?"

"मोठा होता का आवाज?"

"पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा." ती थांबली. "दादा, तुझं डोकं तर आतच होतं."

एकतीस वर्षं घण, ग्राइंडर आणि फुटके सायलेन्सर यांच्यात काढली, कानात कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. कधीतरी हे होणारच होतं. पण मला ते कळलंच नाही, याची लाज वाटली. एखादा आवाज ऐकू आला नाही, हे माणसाला कळणार तरी कसं?

दुपारपर्यंत झाकण उघडलं. टेन्शनर टोकापर्यंत बाहेर आलेला, त्याच्यापुढे ताणायला काहीच उरलेलं नव्हतं. साखळीला आधार देणारी प्लॅस्टिकची पट्टी तुटून तिचे तुकडे तळाशी पडले होते. मी एक तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"पहिल्या खेपेला नुसता टेन्शनर बदलून भागलं असतं. आता साखळीसकट सगळं काढावं लागेल. आणि हे असलं घेऊन तू रोज तो चढ चढत होतीस." मी पाना खाली ठेवला. "मला ऐकू येत नाही गं. मी उगाच शहाणपणा केला."

मला वाटलं, ती भडकेल. ती तुकडा उलटसुलट करत राहिली.

"म्हणजे आईचंही तुला ऐकू येत नाही?"

"आईचं काय? ती बोलतच नाही माझ्याशी."

"दादा, ती आज सकाळपासून तीनदा हाक मारतेय तुला. गेल्या वेळी आले तेव्हाही मारत होती. आवाज बारीक झालाय तिचा, पण बोलते की. मला वाटायचं, तू मुद्दाम कानाडोळा करतोस. तिलाही तेच वाटतं."

हात ग्रीसने माखलेले होते. ते तसेच घेऊन मी जिना चढलो. हा जिना इतका लांब कधी लागला नव्हता.

आई पलंगावर बसली होती, शाल मानेपर्यंत ओढून. मला बघून तिचे ओठ हलले. ते रोजच हलायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेतेय.

मी स्टूल ओढलं, तिच्याजवळ बसलो आणि कान पार तिच्या तोंडाशी नेला.

"परत सांग, आई."

"ती खिडकी लाव रे," ती म्हणाली. "थंडी वाजते. किती महिने सांगतेय तुला."

मी उठलो आणि खिडकी लावली. कडी घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागले. पाठीमागे ती आणखी काही म्हणाली असेल, नसेल. मी परत स्टुलावर येऊन बसलो आणि कान पुढे केला.