नाव विचारून येणारा गोटा

थापा मारायच्या तर मोठ्या माणसांसमोर माराव्यात. ती ऐकतात, हसतात, चहा पाजतात आणि विसरून जातात. पोरं विश्वास ठेवतात, आणि मग अडकतो आपण. मी असा एकदा दिवसभर अडकलो, तेही बाहेरून कुलूप घातलेल्या खोलीत.

गोटमारीचा दिवस होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधे गोट्यांचा मारा, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. मी पांढुर्ण्याचा. पण त्या दिवशी होतो सावरगावात, लेकीच्या घरी, म्हणजे चुकीच्या काठावर. थोरली लेक प्रियंका सौसरला गेली होती, धाकट्या मोनालीच्या बाळंतपणाला. जावई गौतम ॲम्ब्युलन्स चालवतो, त्याची ड्यूटी नदीवरच लागलेली. राहिली नात डिंपल, वय वर्षं पाच. तिला सांभाळायला मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं.

सकाळी गौतमनं खिडकीवर बांबूचा तट्टा बांधला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

"काहून कोंडता, गौतमराव?" मी आतून ओरडलो.

"मामाजी, तुमाले मी ओळखतो. दार उघडं ठेवलं तं 'पाच मिनटात आलो' म्हणान, अन् संध्याकाळी माह्याच गाडीत तुमाले उचलून आना लागन. पोरीले जेवाले घाला. येतोच मी."

खरं बोलणाऱ्याशी वाद कसा घालायचा?

वळून पाहतो तर डिंपल पलंगाखाली. भिंतीला पाठ लावलेली आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पोटाशी धरलेला.

"बाहेर ये वं माय. पुरणाची पोळी हाये कालची."

तिनं बैल आणखी जवळ ओढला.

"बैलाले तरी भूक लागली असन."

तिनं बैलाचं तोंड हातानं झाकलं.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी मी तिला एक किस्सा सांगितला होता. गोटमारीचा गोटा काही असातसा नसतो, तो नाव विचारून येतो. एका साली एक गोटा माझ्यामागं लागला. मी पळालो, तो मागं. मी ॲम्ब्युलन्समध्ये चढलो, तो ॲम्ब्युलन्सच्या मागं. पार रामाकोन्यापर्यंत आला. शेवटी कपभर चहा पाजला, तेव्हा परत गेला. चहापाशी ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "ॲम्ब्युलन्सच्या मागं?" एवढंच तिनं विचारलं. आणि मी मूर्ख, "तं काय! सुसाट!" म्हणून मोकळा झालो.

आता नदीकडून हाकाटी येत होती, ढोल येत होते, आणि मधूनमधून सायरन. सायरन वाजला की पलंगाखालचं गाठोडं आणखी लहान व्हायचं.

मी जमिनीवर आडवा झालो, गाल फरशीला टेकवला. "डिंपल, तो किस्सा खोटा होता. गोट्याले नाव-गाव काही समजत नाही."

अंधारातून दोन डोळे माझ्याकडे बघत राहिले.

"आता खोटं बोलून राहिले तुमी," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

झालं! साठ वर्षं माझं खोटं हातोहात खपलं, आणि आता एकच खरी गोष्ट विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही. मग मी पुन्हा मूळ धंद्यावर आलो. तिच्या बापाची गाडी इतकी जाड लोखंडाची आहे की गोटाच रडत घरी जातो, असं सांगितलं. तिनं कानावर हात ठेवले.

दुपार झाली. लाइट गेली होती. पंखा मुका, तट्ट्यानं वारा अडवलेला, टिनाच्या छपराखाली आम्ही दोघं भाजत होतो. पोरीच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. दार फोडावं का, असं म्हणत मी उठलो, तोच टिनावर धाडकन काहीतरी आदळलं आणि गडगडत खाली गेलं. डिंपल ओरडलीसुद्धा नाही. थोड्या वेळानं पलंगाखालून पाण्याचा एक ओघळ बाहेर आला. ओघळावर फडकं टाकलं आणि फळीवर तिचा दुसरा फ्रॉक शोधू लागलो.

फ्रॉकच्या खाली ते पुस्तक सापडलं. खारीच्या पिल्लाची गोष्ट. पाठ उसवलेली, चिकटपट्टी लावून जोडलेली. प्रियंका रोज हेच वाचायची. अर्थबिर्थ सांगत बसायची नाही, नुसती वाचायची, चित्रावर बोट ठेवायची आणि पान उलटायची. एवढ्यावर पोरगी 'चाहूल' म्हणू लागली होती, 'इवलंसं' म्हणू लागली होती. शेजारच्या देवकाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या, "पोरगी बोलते का बातम्या वाचते, बाई?"

मी पलंगाला टेकून बसलो आणि वाचायला लागलो.

"'वादळ आलं. खारीची आई दाणे आणायला गेली होती. इवलंसं पिल्लू ढोलीत एकटंच होतं.'" इथवर ठीक चाललं होतं. पण जित्याची खोड. "'तेवढ्यात ढोलीत एक वाघ शिरला आणि म्हणाला...'"

"वाघ नाही हाये."

पलंगाखालून आवाज आला होता.

"बरं, कोल्हा."

"कोल्हा बी नाही! जसं लिवलं हाये तसं वाचा. पुस्तक बदलत नाही. तुमचं रोज बदलते."

साठ वर्षांत माझा असा पंचनामा कोणी केला नव्हता. मी चष्मा पुसला आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं. फार जड जातं हो ते. प्रत्येक ओळीला एक वाघ बाहेर वाट पाहत उभा असतो.

"'पिल्लाच्या मनाला हुरहूर लागली.'"

इथं मी थांबलो. हुरहूर म्हणजे काय, यावर एक झकास थाप जिभेवर आली होती. मी ती गिळली.

"आई सौसरले गेली तं लागते ते," पलंगाखालून आवाज आला. मग हळूच, "मले बाबाची लागून राहिली."

आणि ती सरपटत बाहेर आली, बैलासकट माझ्या मांडीवर पडली आणि भोकाड पसरून रडली. सकाळपासून पोटाशी धरून बसली होती ते हेच, बैलाच्या जोडीला.

मी फ्रॉक बदलला. पाणी पाजलं. पोळीचा घास द्यायचा आणि एक पान वाचायचं, असं चाललं. खारीचं पिल्लू त्या दुपारी अकरा वेळा ढोलीत अडकलं. पिल्लानं आईची चाहूल घेतली की डिंपल दाराला कान लावायची. 'हळूहळू वादळ ओसरलं' आलं की विचारायची, "गोटमार ओसरली का, आबाजी?"

"नाही वं, अजून नाही," मी सांगायचो. आणि ती मान डोलवायची. हातात पुस्तक होतं म्हणून मला मानत असावी.

उन्हं उतरली. ढोल थांबले. दाराला कान लावून ती म्हणाली, "ओसरली." मग बाहेर पावलं वाजली, किल्ली फिरली.

गौतम आत आला. कपाळावर मोठी पांढरी पट्टी.

डिंपल दोन पावलं मागं सरली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "बाबा, गोट्यानं नाव विचारलं का?"

"कोन्या गोट्यानं?" गौतम बावचळला. पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मामाजी?"

'गाडीच्या दाराला डोकं आपटलं' हे माझ्या ओठांवर तयार होतं. गौतमनं सांभाळूनही घेतलं असतं. पण ती आता माझ्याकडे बघत होती, पुस्तक छातीशी धरून.

"गोटाच लागला असन, डिंपल," मी म्हणालो. "पन तो नाव विचारून नाही आला. किस्सा म्या रचला होता. अन् लय खराब रचला."

"खरं?" तिनं बापाला विचारलं.

"खरं वं माय. एका पोराले गाडीत चढवून राहिलो होतो, मंधात गोटा आला. दोन टाके पडले बस." तो खाली बसला. तिनं पट्टीवर एक बोट ठेवलं, चित्रावर ठेवतात तसं. मग त्याच्या गळ्यात पडली.

थोड्या वेळानं माझा निकाल लागला. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "आबाजी, आता तुमी हेच वाचाचं. रोज."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पूल ओलांडून सावरगावला जातो आणि खारीचं पिल्लू वाचतो. तिसऱ्या आठवड्यात हळूच संत्र्याचं एक झाड घुसवून पाहिलं, तर माझ्या बोटासकट पुस्तक मिटलं गेलं. सुटका नाही.

परवा डिंपलला शाळेतून यायला उशीर झाला. मी दारात उभा.

"काय झालं, नत्थूजी?" देवकाबाईंनी विचारलं.

"काही नाही, जरा हुरहूर लागून राहिली," मी म्हणालो.

त्यांनी पदर तोंडाला लावला. "घ्या! आता बुढाबी बातम्या वाचाले लागला."