सव्वाशेची सही

पत्र आलं तेव्हा कुंडलिक वालगुडे ओट्यावर बसून बापाबरोबर पत्रावळी लावत होता. टपालवाला हरिबा नसरापूरहून पायी यायचा. त्यानं पाकीट पुढं केलं, म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, इंग्रजी हाय," आणि तांब्याभर पाणी पिऊन वेल्ह्याच्या वाटेला लागला.

पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का होता. कुंडलिकनं ते तिथं फोडलं नाही. बंडीच्या खिशात घातलं आणि आणखी तीन पत्रावळी लावल्या. तिसरीची काडी त्याच्या बोटात घुसली. मग तो उठला आणि गोठ्यामागं जाऊन त्यानं पत्र उघडलं.

चारच ओळी होत्या. आपल्या कॉलेजातल्या पगारांबाबत विद्यापीठाकडे एक निनावी अर्ज आला आहे. चौकशीचे अधिकारी दरबारचं हायस्कूल पाहण्यासाठी भोरला येत आहेत. आपलं गाव जवळच असल्यानं येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता मुसाफरी बंगल्यावर जबानीसाठी हजर राहावं.

वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं आणि कुंडलिकला थंडी वाजली.

कुंडलिक मार्गासनी गावचा पहिला एम. ए. सदतीस सालच्या त्या उन्हाळ्यात तो एकतीस वर्षांचा होता आणि चार वर्षांपासून पुण्यातल्या एका नव्या खासगी कॉलेजात इतिहास शिकवत होता. प्रोफेसराला दरमहा निदान सव्वाशे रुपये मिळाले पाहिजेत, तरच मान्यता आणि ग्रँट, असं कॉलेजला बंधन होतं. म्हणून दर महिन्याच्या तीन तारखेला कारकून एक पावती पुढं सरकवायचा. 'रुपये एकशे पंचवीस पावले.' कुंडलिक पावतीवरच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही करायचा, आणि कारकून त्याच्या हातावर सत्तर रुपये ठेवायचा. पहिल्या महिन्यात त्यानं विचारलं होतं. "उरलेले संस्थेला देणगी," कारकून मान वर न करता म्हणाला होता, "सगळेच देतात." कॉलेजात असे सात जण होते. ही गोष्ट सातही जणांना ठाऊक होती आणि सातांपैकी कुणी ती दुसऱ्याजवळ काढत नव्हता.

बाहेरच्या एकालाच कुंडलिकनं हे सांगितलं होतं. मानसिंग खोपडे त्याचा भोरच्या शाळेपासूनचा सोबती, आता सरकारी कॉलेजात लागलेला. गेल्या दिवाळीत दोघं नीरेच्या काठी फिरायला गेले असताना पगाराची गोष्ट निघाली.

"मला दोनशे वीस आहेत, वर पेन्शन," मानसिंग म्हणाला होता. "संस्थानी कॉलेजात दीडशे देतात, पण दरबारची मर्जी फिरली की गाशा गुंडाळायचा. जुन्या संस्थांमधले आजीव सभासद पंचाहत्तरच घेतात. पण ते उघडपणे, व्रत म्हणून घेतात, आणि लोक त्यांच्या पाया पडतात. तुझं काय?"

कुंडलिकनं सांगितलं. मानसिंग चालता चालता थांबला.

"अरे, पुस्तकं तीच, परीक्षा तीच. आणि हे काय लावलंय?"

"कुणाला बोलू नकोस," कुंडलिक म्हणाला होता.

आता गोठ्यामागं उभं राहून त्याला ते सगळं आठवलं, आणि अर्ज कुणी केला असेल हे वेगळं कुणी सांगायला नको होतं. पण मानसिंगवर रागावण्याएवढीही जागा मनात उरली नव्हती. सही मानसिंगची नव्हती. चार वर्षं, महिन्याला एक, म्हणजे जवळजवळ पन्नास पावत्या. प्रत्येक पावतीवर त्याच्या वळणदार अक्षरात त्याचं नाव. खोट्या पावतीला कायद्यात काय म्हणतात, तिला किती वर्षांची सजा, हे त्याला नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच त्याच्या मनात ती वाढत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात मोटार आली. मार्गासनीत मोटार यायची ती मामलेदाराची किंवा शिकाऱ्यांची, म्हणून अर्धा गाव रस्त्याला आला. मोटार वालगुड्यांच्या दाराशी थांबली आणि तीतून संस्थेचे चिटणीस दाजीसाहेब बिवलकर उतरले. पांढरंशुभ्र धोतर, हातात रुप्याच्या मुठीची काठी.

दाजीसाहेब ओट्यावर घोंगडीवर बसले. कुंडलिकची बायको अंबूबाई हिनं दिलेलं ताक त्यांनी आवडीनं प्यायलं. कुंडलिकचे वडील रखमाजी हात जोडून उभे होते, त्यांना बळेबळे शेजारी बसवून घेतलं.

"तुमचा मुलगा म्हणजे आमच्या कॉलेजचं भूषण," ते म्हणाले. "अशी माणसं पैशाकडे बघत नाहीत."

रखमाजी जमिनीकडे बघून हसले.

मग दाजीसाहेबांनी कुंडलिकला विहिरीकडे नेलं. तिथं आंब्याखाली त्यांनी खिशातून एक टंकलिखित कागद काढला. मजकूर लहानच होता. 'मला दरमहा एकशे पंचवीस रुपये पूर्ण मिळतात. त्यांतील पंचावन्न रुपये मी स्वखुशीने संस्थेस देणगी देत आलो आहे.'

"बाकीच्या सहा जणांनी सह्या केल्यात," दाजीसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही सुट्टीवर, म्हणून मी स्वतः आलो."

"मी देणगी दिलेली नाही, दाजीसाहेब. मला कुणी विचारलंच नव्हतं."

"मग पावतीवर सही का केलीत?"

कुंडलिकनं नजर विहिरीकडे वळवली.

"तुमच्या भल्याचं सांगतो. हा कागद नसेल तर त्या पावत्यांचा अर्थ काय होतो? वालगुडे या माणसानं चार वर्षं खोटं लिहून दिलं आणि सरकारला फसवायला हातभार लावला. आम्ही म्हणू, आम्ही पूर्ण पैसे दिले, ही पाहा सही. तुम्ही काय दाखवणार?" काठीच्या टोकानं ते पाचोळा बाजूला सारत राहिले. "म्हातारे वडील आहेत. गावात तुमचं नाव आहे. फौजदार याच रस्त्यानं येतो. मला ते बघवणार नाही."

कागद त्यांनी कुंडलिकच्या हातात ठेवला. "शुक्रवारी मी भोरलाच असेन. सही करून आणा."

मोटार गेली तरी तिची धूळ बराच वेळ वाटेवर तरंगत होती. त्या संध्याकाळी कुंडलिकला भाकरी गिळेना. कुत्रं भुंकलं की तो रस्त्याकडे बघायचा. अंबूबाईनं दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा त्यानं तिला सारं सांगितलं. ती पासली गावची, डोंगरातली. बोलणं कमी. ऐकून घेऊन ती चुलीपाशी बसली.

"तुमाला धरून नेतील?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग सही करा. इज्जत ऱ्हाईल, पगार ऱ्हाईल." थोड्या वेळानं ती आपणच म्हणाली, "पर मग पुन्हा दर म्हैन्याला तसंच."

गुरुवारी दुपारी रखमाजींनी नसरापूरपर्यंत सोडायला बैलगाडी जुंपली. आत कुंडलिक कोट घालून बसला. कागद आतल्या खिशात होता, सहीशिवाय, आणि बरोबर फाउंटन पेनही होतं. अजून त्याचं काहीच ठरलं नव्हतं. अर्ध्या वाटेत रखमाजी बैलांकडे बघतच म्हणाले,

"कुंडलिका, तुझा कोट उलटून शिवलाय."

कुंडलिक दचकला. कापड विटलं म्हणून शिंप्याकडून त्यानं कोट उसवून, आतली बाजू बाहेर करून घेतला होता. छातीवरचा खिसा त्यामुळं उजवीकडे आला होता. पुण्यात हे कुणी कधी बोललं नव्हतं.

"दोन वर्सं बगतोय म्या. सव्वाशे मिळवणारा मानूस कोट उलटत न्हाई." बैलांना त्यांनी हळूच चुचकारलं. "काल तो मोटारवाला मला लई मान देत व्हता. तवाच वळाकलं, कायतरी वंगाळ हाय."

कुंडलिकनं मग बापालाही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला आणि त्याला त्याची लाज वाटली. आता बाप काय म्हणेल, या धास्तीनं तो गाडीच्या दांडीला घट्ट धरून बसला.

रखमाजींनी कासरा सैल सोडला. "मला कायदा कळत न्हाई," ते म्हणाले. "तुला धरलं तर म्या काय करनार? पर येक सांगतो. मलाबी भ्याव वाटतंय. तू येकला भितोस असं समजू नको."

एवढंच. खरं सांग किंवा खोटं सांग, असं ते बोलले नाहीत. नसरापूरला त्यांनी मुलाला भोरच्या सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि मोटार हलेपर्यंत ते खिडकीला हात लावून उभे राहिले.

रात्र भोरच्या धर्मशाळेत काढून शुक्रवारी सकाळी साडेनऊला कुंडलिक मुसाफरी बंगल्यावर पोचला. दाजीसाहेब व्हरांड्यात आधीच येऊन बसले होते. त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली.

"आणलात?"

"बरोबर आहे."

"सही?"

खुर्ची जरा लांब सरकवून कुंडलिक बसला. दाजीसाहेब पुढं वाकून हळू बोलत राहिले. दरबारात त्यांची ओळख होती, भोरच्या फौजदाराचीही होती. बाकीचे सहा जण उलट साक्ष देतील, सहा विरुद्ध एक. कुंडलिकला शब्द ऐकू येत होते पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागत होता. एकदा त्यानं खिशातलं पेन बाहेरसुद्धा काढलं. तेवढ्यात शिपायानं त्याचं नाव पुकारलं. दाजीसाहेब उठू लागले तेव्हा शिपाई म्हणाला, "एकट्यालाच बोलावलंय."

आत टेबलामागे एक वयस्क, बारीक चणीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी चष्म्यातून एकदा पाहिलं, बसायला सांगितलं आणि पावत्यांचा गठ्ठा पुढं ठेवला.

"ही सही तुमची?"

"होय."

"ही?"

"होय."

"म्हणजे दरमहा एकशे पंचवीस रुपये मिळाले."

खोलीत छताला टांगलेल्या पंख्याचं फडकं हलत होतं. कुंडलिकला वाटलं, आता इथं आपण गप्प बसलो तरी पुरे. गप्प बसण्याचाच अर्थ होय असा होईल, आणि खोटंही बोलावं लागणार नाही. एवढ्या एका विचारानं त्याला जो सुटल्यासारखा आराम वाटला, त्याचंच त्याला भय वाटलं. चार वर्षं तो असाच सुटत आला होता.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "रुपये सत्तर मिळाले."

अधिकाऱ्यांनी टाक खाली ठेवला. "तुम्ही काय कबूल करताय ते समजतंय तुम्हाला?"

"समजतंय. पावती खोटी होती, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असून मी सही केली."

"निनावी अर्ज तुम्ही केलात?"

"नाही."

"कुणी केला?"

"मी सांगू शकत नाही." हेही पुरतं खरं नव्हतं, पण एवढं त्यानं स्वतःजवळ ठेवलं. मग खिशातला टंकलिखित कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला. "हा चिटणिसांनी मला सहीसाठी दिला. बाकीच्यांकडून असाच घेतला असेल."

अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "तुमच्यावर काय कारवाई होईल ते मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "जा तुम्ही."

बाहेर दाजीसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. कुंडलिक नदीपर्यंत चालत गेला आणि तिथं त्याला ओकारी झाली.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. जूनमध्ये कॉलेजचं पत्र आलं, की आपल्या सेवेची आता गरज नाही. फौजदारीचं पत्र मात्र येत नव्हतं, आणि न येण्यानं भीती कमी होत नव्हती. खाकी कपड्यातला जंगलखात्याचा माणूस रस्त्यानं गेला तरी कुंडलिक खाचरातला हात थांबवून तो वळेपर्यंत बघत राहायचा. गावात लोक विचारत, कॉलेज अजून उघडलं नाही का. रखमाजी सांगत, "न्हाई अजून," आणि विषय बदलत.

श्रावणात विद्यापीठाच्या चौकशीचा निकाल कळला. कुंडलिकच्या जबानीनंतर दुसऱ्यांदा बोलावल्यावर सहांपैकी तिघांनी आपला शब्द फिरवून खरं सांगितलं होतं. संस्थेची ग्रँट वर्षभर थांबली, चिटणीस बदलले आणि यापुढे पगार बँकेतून द्यावा असं ठरलं. शिक्षकांवर कारवाई करू नये, असा शेरा होता. कुंडलिकला परत घ्यावं, असं मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

हे सारं सांगायला मानसिंग स्वतः मार्गासनीला आला. भिजलेली छत्री त्यानं दाराशी ठेवली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग एकदम म्हणाला, "अर्ज मी केला होता."

"ठाऊक आहे."

"त्यांनी विचारलं तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

कुंडलिकनं खांदे उडवले. मग त्यानं विचारलं, "अर्ज लिहिताना तुला भीती नाही वाटली?"

मानसिंगनं विचार केला. तो खोटं बोलणारा नव्हता. "नाही," तो म्हणाला. "माझी नोकरी सरकारी. मला कोण काय करणार होतं? तुझ्यावर हे शेकेल असं खरंच मनात आलं नाही. मला वाटलं होतं, तुझं भलं होईल."

आतून अंबूबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं चहाचे कप बाहेर आणून ठेवले आणि मानसिंगकडे न बघता म्हणाली, "भावजी, पुढल्या खेपेला आधी इचारा."

दिवाळीनंतर कुंडलिकला दुसऱ्या एका संस्थानातल्या हायस्कुलात पंचावन्न रुपयांवर जागा मिळाली. पुन्हा कॉलेजात त्याला कुणी घेतलं नाही. पंचावन्न म्हणजे पंचावन्नच मिळत. तरी तिथल्या पहिल्या वर्षी, वर्ग चालू असताना शिपाई चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला की त्याच्या हातातला खडू थांबायचा, आणि मुलं मागं वळून बघायची.